आबांच्या नावावर गेलेले डाग

बुधवारी दुपारी जेवण उरकून नवनाथ शेडच्या मागे गेला, तेव्हा पगारे मॅडमचा गालिचा जवळजवळ वाळला होता. पाइपाच्या घोडीवर तो आदल्या दिवसापासून पसरलेला होता. फेब्रुवारीचं कोरडं ऊन आणि वर वारा, त्यामुळे लोकर छान सुटी झाली होती. नवनाथने नेहमीसारखा हात फिरवायला पुढे केला आणि तो तसाच राहिला.

गालिच्याच्या एका टोकाला, कडेच्या निळ्या पट्ट्यापासून हातभर आत, तीन ठिकाणी लाल रंग उडाला होता. एक डाग ताटाएवढा, बाकीचे दोन वाटीएवढे. कडेने विटकरी आणि मधोमध पिवळट. बाकीचा गालिचा इतका खुलला होता की ते तीन डाग आणखीच डोळ्यांत भरत होते.

काय झालंय हे त्याला लगेच कळलं. कळायला वेळ लागावा असं त्यात काही नव्हतंच.

नवनाथ सांगळे मूळचा सिन्नरजवळच्या गावचा. इगतपुरीकडच्या एका रिसॉर्टमध्ये साफसफाईच्या कामावर असताना तो गालिचे धुवायला शिकला आणि पुढे नाशिकला, पाथर्डी फाट्याच्या पलीकडे भाड्याची शेड घेऊन त्याने स्वतःचं काम सुरू केलं. त्याला अकरा वर्षं झाली होती. तो आणि त्याची बायको हर्षाली, दोघंच. लोकरीचा गालिचा कसा धुवायचा हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. आधी पालथा टाकून धूळ झाडायची, मग ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपऱ्यात रंग सुटतो का ते बघायचं, मग लोकरीचा सौम्य शांपू, आणि मग पाणी निवळ येईपर्यंत खळबळत राहायचं.

त्या सोमवारी सौम्य शांपू संपला होता. नवा कॅन गुरुवारी येणार होता आणि मॅडमना गालिचा बुधवारी संध्याकाळी घरात हवा होता, कारण शुक्रवारी त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता. गालिच्याच्या एका टोकाला चहाचे आणि पायांच्या मळाचे जुने डाग होते. नवनाथने सोफ्यासाठीची बाटली उचलली. ते औषध कडक होतं, नायलॉनच्या कापडाला चालणारं. लोकरीला लावू नये असं बाटलीवर लिहिलेलं होतं, आणि लिहिलेलं नसतं तरी त्याला ठाऊक होतं. दोन मिनिटं ठेवू आणि धुऊन टाकू, असं मनाशी म्हणत त्याने ते डागांवर तसंच ओतलं, पाणी न घालता. तेवढ्यात फोन आला. एका मंगल कार्यालयाच्या खुर्च्यांचं मोठं काम होतं. तो बोलत बोलत रस्त्यापर्यंत गेला, तिथे त्याच माणसाची गाडी आली, चहा झाला. परत आला तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता. त्याने घाईघाईने पाणी मारलं. ओल्यावर रंग गडदच दिसत होता, म्हणून त्याने जीव भांड्यात पडल्यासारखा सुस्कारा टाकला होता.

आता त्याने व्हिनेगरचं पाणी करून डागांवर मारून पाहिलं, मऊ ब्रशने लोकर उलटसुलट केली. काही फरक पडला नाही. हर्षाली आतून हात पुसत आली आणि गालिच्याकडे बघत उभी राहिली.

"काय लावलं होतं?" तिने विचारलं.

"सोफ्याचं."

तिने डागांवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "फोन करून सांगा ना. आत्ताच. आपल्या हातून झालं म्हणावं."

"परवा त्यांच्याकडं कार्यक्रम हाय."

"म्हणूनच म्हणते."

"तिथं गेल्यावर सांगतो. फोनवर बरं नाय दिसत."

आणि खरंच त्याने सांगायचं ठरवलं होतं. पुढे कितीतरी दिवस तो स्वतःला हेच बजावत राहिला, की आपण सांगायचं ठरवून निघालो होतो. द्वारकेच्या सिग्नलला टेम्पो थांबला तेव्हा तो तोंडातल्या तोंडात शब्दही जुळवत होता. मॅडम, माझी चूक झाली, भरून काय द्यायचं ते देतो.

अंजली पगारे जेल रोडला दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. एका हायस्कुलात गणित शिकवायच्या. घरात त्या, त्यांचे यजमान रवी, मुलगी सृष्टी आणि सासरे झुंबर पगारे. सासऱ्यांना सगळे आबा म्हणायचे. आठवड्यापूर्वी नवनाथ गालिचा न्यायला गेला होता तेव्हा आबांनीच त्याला गालिच्याची हकिकत सांगितली होती. आबा मनमाडला रेल्वेत फिटर होते. बावीस वर्षांपूर्वी बायकोला घेऊन ते सारनाथला गेले होते, तिथून कुणीतरी सांगितलं म्हणून भदोहीला. तिथे हातमागावर विणलेला हा गालिचा बायकोने पसंत केला. आबांना निळा आवडला होता, ती म्हणाली लालच घ्या. बनारसपासून मनमाडपर्यंत तो गुंडाळून बर्थखाली ठेवला होता आणि कुणी ओढून नेऊ नये म्हणून दोघं आळीपाळीने झोपले होते. बाई जाऊन आता सहा वर्षं झाली होती. गालिच्याच्या एका टोकावर आबांची हाताची लाकडी खुर्ची असायची. सकाळी पेपर, दुपारी डुलकी, संध्याकाळी सृष्टीची वाट, सगळं त्या खुर्चीत.

"जपून न्या," एवढंच ते म्हणाले होते.

नवनाथने गालिचा खांद्यावरून हॉलमध्ये उतरवला आणि उलगडला. शुक्रवारची तयारी चालली होती. सोफा भिंतीला सरकवला होता, खिडकीला नवे पडदे होते. अंजली मॅडम हातातली यादी टीपॉयवर ठेवून जवळ आल्या. गालिचा शेवटपर्यंत उलगडला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे काय केलंत तुम्ही?"

आवाज मोठा नव्हता. वर्गात एखाद्या पोराला उभं करून विचारावं तसा होता. सिन्नरच्या शाळेत अशाच आवाजाने नवनाथच्या पायांखालची जमीन सरकायची. त्याच्या तोंडातलं जुळवलेलं वाक्य तिथेच विरघळलं आणि दुसरंच बाहेर पडलं.

"मॅडम, एक विचारू का? राग मानू नका. या बाजूला कुणी लहान बाळ, नाहीतर वयस्कर माणूस बसतं का?"

"का?"

"लघवीचा डाग असतो ना, तो वरून दिसत नाही. लोकरीत आत मुरतो, रंग आतून मरतो. आम्ही धुतलं की वरचा मळ जातो आणि खालचं उघडं पडतं. मग आमच्या हातात काही राहत नाही."

यातलं एकही वाक्य त्याने बनवलेलं नव्हतं. दुसऱ्या कितीतरी गालिच्यांवर त्याने हे डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून तर ते इतकं सरळ, न अडखळता बाहेर आलं. फक्त या गालिच्याच्या बाबतीत ते खरं नव्हतं.

अंजली मॅडमनी खुर्चीकडे पाहिलं. गेल्या पावसाळ्यात आबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं, हे नवनाथला तेव्हा माहीत नव्हतं. मॅडमना माहीत होतं. त्यांच्या मनात दोन गोष्टी एकमेकींना कशा चिकटल्या ते त्यांच्या डोळ्यांत दिसलं. आणि नवनाथने मान वर केली तेव्हा आतल्या खोलीच्या दारात आबा उभे होते. हातात घडी घातलेला पेपर होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"आबा," मॅडम हळू म्हणाल्या, "तुम्ही कधी बोलला नाहीत."

आबा पुढे आले. वाकून डागांकडे पाहिलं. उंच माणूस, इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. थोडा वेळ त्यांनी त्या मोठ्या डागावर पायाचा अंगठा टेकवला, मग काढून घेतला.

"मला आठवत नाही गं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "दुपारी डोळा लागतो कधीकधी. असेल."

आणि नवनाथकडे वळून म्हणाले, "तुमची मेहनत वाया गेली. माफ करा."

तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. तेव्हा तोंड उघडलं असतं तर सगळं पाच मिनिटांत निस्तरलं असतं, फार तर चार शब्द ऐकून घ्यावे लागले असते. नवनाथ म्हणाला, "नाही नाही आबा, वयोमानानं होतं असं."

त्या दिवशीच्या सगळ्या बोलण्यातलं हेच एक वाक्य त्याला नंतर सर्वांत जास्त छळत राहिलं. खोटं त्याने घाबरून सांगितलं होतं. समजूत मात्र त्याने अगदी शांतपणे घातली होती.

मॅडमनी ठरलेले पैसे दिले. नको म्हणावं तर संशय येईल, म्हणून त्याने ते घेतले. घरी हर्षालीने विचारलं, "सांगितलं?" तो म्हणाला, "हो." ती म्हणाली, "बरं झालं." आणि तिने त्याच्यासाठी चहा टाकला.

एप्रिलच्या मध्यावर मॅडमचा फोन आला. सोफा आणि दिवाण धुवायचा होता. वास येतो असं वाटतं, असं त्या म्हणाल्या. नवनाथ टाळू शकला असता. पण नाही म्हणायला कारण सुचेना, आणि आबा कसे आहेत हे त्याला एकदा बघायचंही होतं. साखरपुडा झाला असेल, लोक विसरले असतील, आबा खुर्चीत पेपर वाचत असतील, असंच काहीतरी तो मनाशी धरून गेला.

हॉलमध्ये गालिचा नव्हता. तो गुंडाळून, जुन्या चादरीत बांधून दिवाणाखाली सरकवलेला होता. खुर्ची बाल्कनीत होती. तिच्यावर दवाखान्यात असतं तसं रबराचं कापड दोरीने आवळून बांधलं होतं आणि त्यावर धूळ बसली होती.

मॅडम स्वयंपाकघरात होत्या. सृष्टी लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली होती. नवनाथने मशीनची वायर सोडवता सोडवता विचारलं, "आबा दिसत नाहीत?"

"मनमाडला गेले," ती वर न बघता म्हणाली. "तिथलं जुनं घर आहे. चुलतकाका शेजारी राहतात."

"कायमचे?"

आता तिने वर पाहिलं. चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी, डोळे आबांसारखे. "तुम्ही तो गालिचा आणलात ना, त्या दिवसापासून ते खुर्चीत बसलेच नाहीत. साखरपुड्याला बाहेर आले नाहीत. पाहुण्यांना सांगितलं, बरं नाही. आम्ही दोघं आत पाया पडायला गेलो तर ते पलंगावरून उठेनात. खाली प्लास्टिक अंथरलं होतं त्यांनी, स्वतःच बाजारातून आणलेलं. ते आवाज करेल म्हणून हलत नव्हते." तिने लॅपटॉप अर्धा मिटला. "दुपारनंतर पाणी प्यायचं बंद केलं. मार्चमध्ये चक्कर येऊन पडले. मग म्हणाले, मला मनमाडला सोडा, इथं पोरीच्या सासरचे येतात-जातात."

स्वयंपाकघरातून मॅडमची हाक आली, "सृष्टी, त्यांना काम करू दे."

"आई म्हणते तुम्ही सांगितलंत ते बरं झालं, निदान कळलं तरी," सृष्टी आवाज खाली आणून म्हणाली. "मला नाही तसं वाटत." आणि ती लॅपटॉप उचलून आत गेली.

नवनाथने तो सोफा तीन तास धुतला. त्यात धुण्यासारखं काही नव्हतं. कापडावर नाक टेकवून त्याने वास घेतला, दिवाणाची गादी उलटी करून पाहिली, कोपरे पाहिले. कुठे काही नव्हतं. निघताना तो मॅडमना म्हणाला, "यात काहीच नाही, मॅडम. एकदम स्वच्छ आहे सगळं."

"हो का?" मॅडम म्हणाल्या. "मला सारखा वास येतो असं वाटायचं."

त्याला त्या दिवशी एवढंच म्हणता आलं. त्याच्या पुढचं वाक्य जिना उतरताना त्याच्या ओठांवर होतं, टेम्पोत बसतानाही होतं.

घरी आल्यावर त्याने हर्षालीला सगळं सांगितलं. फेब्रुवारीत आपण 'हो' म्हणालो ते खोटं होतं, तिथपासून. ती भांडली नाही. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती पोळ्या करत होती, तवा तिने खाली उतरवला आणि गॅस बंद केला.

"माझे वडील शेवटी दोन वर्षं अंथरुणाला होते," ती म्हणाली. "त्यांचं सगळं करावं लागायचं. माझी आई दार लावून घ्यायची आधी. कुणाला दिसू नये म्हणून. आणि तुम्ही त्या माणसाला, ज्याला काही झालेलंच नाही त्याला..." तिने वाक्य पुरं केलं नाही. मग म्हणाली, "मनमाड काही फार लांब नाही."

लांब नव्हतं. तरी नवनाथला तिथे पोहोचायला आणखी पंधरा दिवस लागले. आज मंगल कार्यालयाचं काम, उद्या टेम्पोचं टायर. शेवटी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो सकाळच्या एसटीने गेला. टेम्पोत वाटेत वळून परत येता आलं असतं, म्हणून एसटीने.

मनमाडला स्टेशनच्या पलीकडे बैठ्या घरांची एक ओळ होती. झुंबर पगारे कुठे राहतात हे पहिल्याच दुकानदाराने सांगितलं. आबा ओट्यावर लोखंडी खाटेवर बसले होते. शर्टाला इस्त्री होती, दाढीही केलेली होती, पण अंग निम्मं झाल्यासारखं वाटत होतं.

"कार्पेटवाले," त्यांनी ओळखलं. "इकडे कुठं? काम निघालं काय?"

"तुमच्याकडंच आलोय, आबा."

त्यांनी त्याला बसायला स्टूल दिलं, आतून पाण्याचा तांब्या आणला. नवनाथ दोन घोट पाणी प्यायला. मग त्याने खाली बघूनच सांगितलं. शांपू संपला होता. सोफ्याचं औषध लावलं. फोन आला. पाऊण तास गेला. रंग माझ्यामुळे उडाला. त्या डागांचा तुमच्याशी काही संबंध नव्हता.

रुळांवरून मालगाडी चालली होती, तिचे सगळे डबे जाईपर्यंत आबा तिकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "पुन्हा सांगा."

नवनाथने पुन्हा सांगितलं.

"बाटलीवर लिहिलं होतं, लोकरीला लावू नका म्हणून?"

"हो."

"तुम्ही वाचलं होतं?"

"हो आबा."

"पाणी न घालता लावलं."

"हो."

यंत्र का बिघडलं ते शोधणाऱ्या माणसासारखे ते एकेक गोष्ट विचारत होते, आणि प्रत्येक उत्तराला मान हलवत होते. विचारायचं संपलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"मी रात्री उठून चादर चाचपायचो," ते म्हणाले. "कोरडी असायची. रोज कोरडी असायची. तरी मला वाटायचं, आता माझ्या हातालाही कळेनासं झालंय. माणूस म्हातारा झाला की त्याला स्वतःचं स्वतःला कळत नाही, असं ऐकलं होतं. म्हटलं, हेच ते." त्यांनी गुडघ्यांवरचे हात उलटे करून पाहिले. "माझी सून वाईट नाही. ती कधी तोडून बोलली नाही. फक्त मी सोफ्यावर बसलो की ती बघायची. मी उठलो की परत बघायची."

नवनाथ स्टुलावरून उठला आणि त्यांच्या पायांकडे वाकला. आबांनी पाय खाटेवर ओढून घेतले.

"ते नको," ते म्हणाले. "पाया पडून काय होणार आहे? नातीचा साखरपुडा होता माझ्या. बाहेर लोक हसत होते, मला आत ऐकू येत होतं. तिची आजी असती तर तिनं मला धरून बाहेर आणलं असतं, म्हणाली असती, झालं असेल तर झालं असेल. तुमच्यामुळं मला त्या दिवशी तिची फार आठवण आली."

नवनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. आबांनी ते पाहिलं आणि नजर बाजूला केली.

"तिला सांगा," ते म्हणाले. "अंजलीला. फोनवर नको, तोंडावर सांगा. आणि रवी घरी असेल तेव्हा जा. माझ्या मुलानंही ऐकलं पाहिजे."

"सांगतो आबा. तुम्ही मला..."

"मी काही म्हणत नाही," आबा म्हणाले. "तुम्ही आलात ते बरं केलंत. आता निघा. ऊन चढतंय."

रविवारी सकाळी नवनाथ जेल रोडला गेला. दार रवीनेच उघडलं. मॅडम वह्या तपासत बसल्या होत्या. नवनाथ बसला नाही, उभ्यानेच सगळं सांगितलं. मनमाडला जाऊन आल्याचंही सांगितलं.

त्याचं बोलणं संपल्यावर रवी उठला आणि बाल्कनीत गेला. खुर्चीवरचं रबराचं कापड सोडायला लागला. गाठ घट्ट बसली होती, सुटेना. तो तशीच ओढत राहिला.

"मॅडम, गालिच्याचं मी करून देतो," नवनाथ म्हणाला. "रंगारी आहे एक ओळखीचा, अगदी पूर्वीसारखं नाही, पण..."

"गालिच्याचं बोलू नका," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं, काढलं, परत लावलं. नवनाथला वाटलं, आता त्या आवाज चढवतील. त्याची तयारी होती. पण त्या त्याच्याकडे बघतच नव्हत्या.

"वर्गात एखाद्याचा कंपास हरवला," त्या म्हणाल्या, "तर मी आधी दुसऱ्या कुणाच्या दप्तराकडे बोट दाखवू देत नाही. वीस वर्षं झाली, मुलांना हेच सांगते. आधी स्वतःचं दप्तर बघ, मग बाकाखाली बघ, मग विचार." त्यांनी समोरची वही मिटली. "तुम्ही खोटं बोललात ते एकदा. मी ते तीन महिने रोज खरं धरून चालले. एकदाही आबांना विचारलं नाही, की आबा, खरंच का? विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. कुणी विचारलंच नाही म्हणून ते हो म्हणाले."

बाल्कनीत गाठ सुटली. रवीने ते कापड काढून कठड्यावर टाकलं आणि पाठ करून उभा राहिला.

"तुम्ही जा आता," मॅडम म्हणाल्या.

नवनाथ खाली आला. मन हलकं होईल असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. उलट, आतापर्यंत जे ओझं एका माणसाच्या डोक्यावर होतं ते आपण आणखी दोघांच्या डोक्यावर ठेवून आलो, असं त्याला टेम्पो चालू करताना वाटलं. तरी ते ठेवायलाच हवं होतं, हेही त्याला कळत होतं.

सृष्टीचं लग्न मेच्या शेवटी झालं. नवनाथला ते जूनमध्ये समजलं, नाशिकरोड स्टेशनबाहेर. तो एका गिऱ्हाईकाकडून परत येत होता आणि फळांच्या गाडीवर रवी पगारे आंबे निवडत होता. दोघांची नजरानजर झाली. तोंड फिरवून निघून जाणं दोघांनाही जमलं नाही.

"आबा कसे आहेत?" नवनाथने विचारलं.

"बरे आहेत. आता त्यांच्याकडेच चाललोय." रवीने एक आंबा नाकाशी धरला, परत ठेवला. "लग्नाला आले होते. पहिल्या रांगेत बसले, सृष्टीला जवळ घेतलं, फोटो काढले. सगळं केलं."

"आता इकडंच असतील मग."

"नाही. दोन दिवस राहिले आणि गेले. आम्ही खूप म्हटलं. अंजली तर रडली त्यांच्यापुढे. म्हणाले, तुझ्यावर राग नाही पोरी, पण मला आता तिकडचीच सवय झाली." त्याने दुसरा आंबा दाबून पाहिला. "आणि ते खरं आहे. राग नाही त्यांना. राग असता तर निघाला असता कधीतरी. दोन दिवस ते आमच्याकडे पाहुण्यासारखे राहिले. सकाळी उठून चादरीची घडी घालून ठेवायचे. बाथरूमला जाताना विचारायचे, जाऊ का. स्वतःच्या घरात."

रवीने आंब्यांची पिशवी घेतली. आत गाडीची घोषणा चालू झाली होती.

"मी एकदा जाऊ का त्यांना भेटायला?" नवनाथने विचारलं. "मनमाडला."

रवीने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आपलेपणाही नव्हता. "त्यांना विचारून सांगतो," तो म्हणाला, आणि जिन्याकडे वळला.

पावसाळा संपला, दिवाळी होऊन गेली. रवीचा फोन आला नाही. नवनाथ दोन-तीनदा स्वतःहून नंबर काढून बसला, पण लावला नाही. नको म्हणायचा हक्क आबांचा होता, आणि तो फोन करून आपण त्यांच्याकडून ते म्हणवून घ्यावं, असं त्याला वाटलं नाही.